धूर नाही, म्हणून आठवणही नाही?

आगगाडीच्या आठवणी सांगायला बसलेला मनुष्य लगेच इंजिनाकडे धाव का घेतो, हे मला कधी उमगले नाही. धूर, शिट्टी, फुसकारणारी वाफ, की झाला प्रवास पवित्र! इंग्लंडातल्या रेल्वेभक्तांनी तर या वाफेचे देव्हारेच मांडले आहेत. तिथे विजेच्या जुन्या गाड्यांवर जीव टाकणारी मंडळीही आहेत. पण ती पंगतीला येऊन बसली की वाफवाले नाके मुरडतात. "नुसते डबे ते! त्यांत आठवायचे काय?" हा प्रश्न उद्धट तर आहेच, शिवाय अडाणीपणाचाही आहे.

लंडनच्या दक्षिणेकडच्या चाकरमान्याचे आयुष्य वाहिले ते याच डब्यांनी. १९२३ साली निघालेल्या सदर्न रेल्वेने सर हर्बर्ट वॉकर यांच्या कारभारात रुळांच्या शेजारी विजेचा तिसरा रूळ टाकीत थेट समुद्र गाठला: १९३३ च्या पहिल्या दिवशी ब्राइटन, १९३५ साली ईस्टबोर्न, १९३७ साली पोर्टस्मथ. (आमची बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ लाच सुरू झाली होती, हे जाता जाता सांगतो. ब्राइटनकरांनी आमच्यापुढे फार मिजास करू नये!)

या गाड्यांना रूप नव्हते म्हणता? पोर्टस्मथच्या गाडीला तोंडाच्या मधोमध पुढच्या डब्यात जायची वाट होती. एका बाजूला चालकाची खिडकी, दुसऱ्या बाजूला मार्गाचा आकडा. म्हणजे चेहरा एका डोळ्याचा. लोकांनी तिला नाव ठेवले 'नेल्सन'! ज्या बंदरात नेल्सनचे 'व्हिक्टरी' जहाज जपून ठेवले आहे, तिथेच ही गाडी रोज जाई. लोखंडाला असले नाव लोक उगाच देत नाहीत.

पण माझे भांडण एकट्या वाफवाल्यांशी नाही. विजेच्या गाड्यांचे म्हणवणारे भक्तही आठवणी काढतात त्या 'ब्राइटन बेल'च्या. गादीच्या खुर्च्या, टेबलावरचे दिवे, न्याहारीला धुरी दिलेला किपर मासा. तो मासा यादीतून काढला तेव्हा लॉरेन्स ऑलिव्हिएसारख्या थोर नटाने तक्रार केली आणि मासा परत आला. ३० एप्रिल १९७२ ला ही गाडी बंद झाली, तेव्हा केवढा शोक! गाडीचे एकंदर पंधरा डबे. पहिल्या वर्गाच्या सहा डब्यांना नावे होती: हेझल, ऑड्री, ग्वेन, डोरिस, मोना, व्हेरा. तिसऱ्या वर्गाच्या नऊ डब्यांना नुसते आकडे. आठवणींतही हाच भेद पाळायचा काय? एका बाकावर सहा-सहा माणसे दाटून लंडनला नेणाऱ्या 'सब' गाड्या शेकड्यांनी होत्या. त्यांतली अखंड अशी एकच उरली. १९४९ साली बुलेड यांनी दुमजली गाडी काढली. वर-खाली मिळून दार एकच, त्यामुळे स्टेशनात चढउतार संपता संपेना; वरच्या मजल्याच्या खिडक्याही उघडत नसत. तरी ती १९७१ पर्यंत कामावर राहिली. घामेजलेल्या त्या वरच्या मजल्यावर कोणी नट बसला नाही, म्हणून का ती आठवण हलकी?

आणि आठवायचे तर सगळे आठवावे. त्या गाड्यांची धाडधाड आपटणारी दारे आज भक्तांच्या कानांना संगीत वाटतात. प्रत्येक खणाला आपले दार. गाडी थांबायच्या आतच मंडळी उड्या टाकीत. ती दारे धावत्या गाडीतही उघडत, त्यात माणसे गेली आहेत. १२ डिसेंबर १९८८ ला क्लॅपहॅम जंक्शनजवळ सिग्नलच्या एका जुन्या तारेने घात केला आणि ३५ जण ठार झाले. तेव्हा त्या जुन्या घडणीच्या डब्यांचे काय झाले तेही पाहावे. १९९९ च्या नियमांनी असल्या डब्यांना मुदत घालून दिली, २००५ मध्ये मुख्य मार्गांवरून ते गेले. गेले ते ठीकच झाले. हे सांगताना ज्याची जीभ अडखळते, त्याचे प्रेम मला दिखाऊ वाटते.

मग मी कशासाठी भांडतो? इंजिनाला कोळसा-पाणी दिले की ते कुठल्याही हौशी मंडळाच्या रुळावर पुन्हा जिवंत होते. विजेच्या गाडीचे तसे नाही. उत्सवाला पोरेबाळे जिथे हिंडतात, तिथे ६६० व्होल्टांचा उघडा रूळ कोण टाकणार? म्हणून ती जपली तरी मुकीच राहते. फार तर दुसरे इंजिन लावून तिला ओढतात. मोटारींचा तो चढत जाणारा सूर, स्टेशनात उभ्या असताना डब्याखाली धडधडणारा पंप, गर्दीच्या वेळी कुठल्या खणात जागा मिळे याचे ज्ञान, हे सारे आता फक्त बसून गेलेल्या माणसांपाशी आहे, आणि ती माणसे म्हातारी होत चालली आहेत. वाफेचे इतिहासकार त्यांना विचारीत नाहीत, 'बेल'चे भक्त किपरपलीकडे जात नाहीत.

आकड्यांच्या त्या नऊ डब्यांतून ब्राइटनला गेलेले प्रवासी अजून हयात आहेत. 'सब'मध्ये उभ्याने वर्तमानपत्र वाचणारे तर कितीतरी. वही-पेन्सिल घेऊन आधी त्यांच्याकडे जा. इंजिने कुठे पळून जात नाहीत.