दर शेतीचा हवा, वेळापत्रक नको

मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २२ एप्रिल २०२५ रोजी घेतला आणि त्यात वीजदराच्या सवलतीचाही समावेश केला. पण वीज कायदा २००३ प्रमाणे दर वीज नियामक आयोग ठरवतो, मंत्रिमंडळ नव्हे. सरकारला सवलत द्यायची असेल तर कलम ६५ नुसार तेवढी रक्कम आधी भरावी लागते. आयोगाच्या लेखी आपण मत्स्यपालक ‘शेती – इतर’, म्हणजे पोल्ट्री आणि रोपवाटिकांच्या पंक्तीत. साडेसात अश्वशक्तीचा पंप उसाला पाणी पाजत असेल तर बिल सरकार भरते. तसाच पंप कटला-रोहूच्या तळ्यावर बसवला की ते आपण भरायचे.

‘आम्हाला शेतीपंपात धरा’ ही वाचकांची मागणी म्हणूनच समजण्यासारखी आहे. मात्र ती जशीच्या तशी मान्य झाली तर मासे मरतील. शेतीच्या फीडरवर थ्री फेज वीज पाळीने मिळते, दिवसा आठ तास किंवा रात्री आठ-दहा तास. सौर कृषी वाहिनीचा सगळा भर तर दिवसावरच. रात्री दारे धरणाऱ्याची त्यातून सुटका होते, हे चांगलेच. तळ्याचे गणित उलटे आहे. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री तेच तो ओढते आणि पहाटे मासे तोंड वर काढतात. एरेटर लागतो तो तेव्हा. बायोफ्लॉकच्या टाकीला तर घटकाभरही खंड चालत नाही. म्हणून सवलत शेतीची आणि जोडणी चोवीस तास वीज असणाऱ्या गावठाण फीडरवरची, अशी दुहेरी मागणी हवी. मिरज-कुपवाडचे कारखानदार म्हणतील, क्रॉस सबसिडीचा, म्हणजे इतरांच्या स्वस्त विजेचा, बोजा पुन्हा आमच्याच माथी. त्यांचे चुकत नाही. क्रॉस सबसिडी कमी करत न्यावी असे कायदाच सांगतो. म्हणून पैसा कलम ६५ च्या वाटेने तिजोरीतून यावा. आपल्याकडे मीटर आहेत, तेव्हा सवलत युनिटगणिक मोजता येईल. अश्वशक्तीवरून अंदाज बांधण्याची गरज नाही.

आणि आता सभासदांनो, तुमच्याविषयी. शेतीपंपाच्या जोडणीवर एरेटर चालवणे थांबवा. अनधिकृत वापराचे कलम १२६ लागले तर आकारणी दुप्पट दराने होते, आणि कालावधी ठरवता आला नाही तर मागच्या बारा महिन्यांची. दरनिश्चितीच्या जाहीर सुनावणीत कारखानदारांचे वकील उभे राहतात, तळेवाला मात्र फिरकत नाही. हरकती लेखी द्या. सोबत तळ्याची नोंदणी, एरेटरची अश्वशक्ती आणि पहाटे वीज किती वेळ गेली याची तारीखवार नोंद जोडा. वही आज रात्रीपासूनच घाला.