ताटापुरतं तरी दाखल्याविना

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून निघून 2023 साली पांढुर्णा जिल्ह्यात आले. जिल्हा बदलला, शाळेतले रकाने तेच राहिले. मुलाचं नाव, जात, मध्य प्रदेशच्या समग्र कुटुंब-नोंदणीतला आयडी, आणि घर दारिद्र्यरेषेखाली आहे की नाही. 2022-23 पासून यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीप्रणालीवर ही माहिती विद्यार्थीनिहाय भरावी लागते. ती भरतात गुरुजी. वर्ग सांभाळून, नेटवर्क मिळेल तेव्हा.

दुपारच्या जेवणाला मात्र यातला एकही रकाना लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 2001 च्या आदेशानंतर सरकारी आणि अनुदानित शाळांत शिजवलेलं अन्न आलं, ते पंगतीतल्या प्रत्येकासाठी. पहिली ते पाचवीला 100 ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला 150. इथे आकडा हवा तो आज किती पोरं जेवली एवढाच. त्यावर धान्य आणि शिजवायचा खर्च ठरतो. म्हणून नजर ठेवायची ती याच आकड्यावर. हजेरीपट, पोर्टलवर भरलेला जेवणाऱ्यांचा आकडा आणि पंगत यांचा मेळ पालकांनी अधूनमधून बघावा.

गंमत खासगी शाळेत आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागांवर जाणारं पोर वंचित किंवा दुर्बळ गटातलं असल्याचं कागदावर सिद्ध करतं, आणि विनाअनुदानित शाळेत गेल्यावर जेवण गमावतं! संत्र्याच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या आईनं मग डबा द्यायचा. समग्रवर या घराची नोंद आहेच. शासनानं त्या नोंदीचा उपयोग या मुलांच्या ताटासाठी करावा.