पाठांतरांतला दगड

‘बेसाल्ट हा अग्निजन्य खडक होय’ एवढें वाक्य धाराशिवच्या मुलांकडून घोकून घेतलें कीं भूगोल शिकविला, असें मानणाऱ्यांस आमचा उघड विरोध आहे. ज्या बालाघाटांत धाराशिवचीं लेणीं कोरलीं, तो डोंगर याच खडकाचा. शेतांतली काळी माती ही त्याचीच झीज. मग वर्ग कुंपणाबाहेर कां जाऊं नये? अभ्यासक्रमास वेळ पुरत नाहीं म्हणणाऱ्यांनीं ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवावी. त्या भूकंपांत सास्तूर परिसरांतील बहुतेक बळी चिखलांत रचलेल्या दगडी भिंती व जड माळवदें अंगावर कोसळून गेले. दगड कसा सांधावा, माती किती भार पेलते, हें ज्ञान जीव वाचविणारें आहे. आणि चिखलांत हात घातल्यावांचून तें येत नाहीं.