गोष्टीचा शेवट कोणी ठरवायचा?

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो, अमोल पालेकरांचा 'पहेली' (२००५) एकदा वेळ काढून बघा. मुलांना घेऊन नको, तो मोठ्यांचा सिनेमा आहे.

लग्नाच्या रात्री नवरा हिशोबाची वही उघडून बसतो आणि वडिलांच्या शब्दाखातर पाच वर्षं व्यापाराला निघून जातो. नवरीवर जीव जडलेलं एक भूत त्याचं रूप घेऊन घरी येतं. पण तिला ते खरं सांगून टाकतं, की मी तुझा नवरा नाही, आता तू ठरव. तिला काय हवंय हे त्याआधी कोणी विचारलेलंच नसतं! हे सगळं आपल्याला सांगतात दोन कठपुतळ्या. त्या वर्षी भारताकडून ऑस्करसाठी हाच सिनेमा गेला होता.

मूळ कथा विजयदान देथांची, 'दुविधा'. बोरुंदा गावात राहून त्यांनी राजस्थानी लोककथा गोळा केल्या आणि आपल्या पद्धतीने लिहिल्या. मणि कौल यांनीही १९७३ मध्ये 'दुविधा' केला होता. देथांच्या कथेत धनगर भुताला कातडी पिशवीत कोंडतो आणि बाईच्या वाट्याला पुन्हा तोच हिशोबी नवरा येतो. पालेकरांचं भूत मात्र निसटतं आणि थेट नवऱ्याच्या शरीरात शिरतं. मला विचाराल तर पालेकरांचा शेवट गोड आहे, देथांचा जास्त खरा. पण शेवट बदलायचा हक्क पालेकरांना होताच. लोककथा अशाच तर जगतात.

आपल्या वर्गात हा हक्क मुलांना आहे का? गोष्ट संपली की आपण फळ्यावर लिहितो 'तात्पर्य', आणि सगळ्या वह्यांत एकच ओळ. पिंपरीत एका बाकावर लातूरचं, बिहारचं, राजस्थानचं मूल बसतं. प्रत्येकाच्या आजीची गोष्ट वेगळी. माझ्या वर्गात एका मुलीने चिऊताईला पहिल्याच हाकेला दार उघडायला लावलं. "मॅडम, पाऊस होता ना!" अर्धा वर्ग तिच्यावर तुटून पडला, मग कावळ्याला धडा कसा मिळणार? मागून एक जण म्हणाला, "शेणाचंच घर परवडलं त्याला, त्यात त्याची काय चूक?" पेपरात हे उत्तर लिहिलं असतं तर मार्क कोणी दिले असते, सांगा.

आणि पालकहो, बाबांची नाईट शिफ्ट असेल तेव्हा यूट्यूबऐवजी गावाकडच्या आजीला फोन लावून द्या. नंतर मुलाने तीच गोष्ट भलतीकडेच नेली, तर "असं नव्हतं हं" म्हणायच्या आधी "मग पुढे?" एवढं विचारून बघा.