नवा विंडोज सर्व्हर आल्यावर जुना स्कॅनर आणि बॅकअप का अडतो?

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हर 2016 चा सपोर्ट 12 जानेवारी 2027 ला संपतोय. त्यानंतर नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट मिळणार नाहीत. त्यामुळे ही सिस्टीम वापरणाऱ्या संस्थांना आता नव्या सिस्टीमवर जावं लागेल. त्यातला एक पर्याय म्हणजे नोव्हेंबर 2024 मध्ये आलेला विंडोज सर्व्हर 2025.

पण या सिस्टीमचे नेटवर्कचे नियम कडक झाले आहेत. कालपर्यंत बिनबोभाट चालणारी सॉफ्टवेअर आणि यंत्रं त्यामुळे अडू शकतात.

नेमकं काय बदललं?

ऑफिसमधल्या फाईल्स एका मशीनवरून दुसऱ्यावर जातात त्या 'एसएमबी' नावाच्या पद्धतीने. सर्व्हर 2025 दुसऱ्या मशीनशी या पद्धतीने जोडला जातो, तेव्हा आता प्रत्येक संदेशावर डिजिटल सही मागतो. मधल्या मध्ये कुणी संदेश बदलू नये, हा त्यामागचा हेतू.

दुसरा बदल म्हणजे लॉगिन तपासण्याची 'एनटीएलएम व्हर्जन 1' ही जुनी, कमकुवत पद्धत काढूनच टाकली आहे.

फटका कुणाला?

सर्व्हरचा बॅकअप जुन्या स्टोरेज बॉक्सवर जात असेल आणि त्या बॉक्सला सही करता येत नसेल, तर बॅकअप थांबतो. स्कॅन केलेला कागद थेट सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकणारा स्कॅनर जुन्या लॉगिन पद्धतीवर चालत असेल, तर तोही अडतो.

स्कॅनर बंद पडला की लगेच आरडाओरडा होतो. बॅकअप थांबल्याचं मात्र अनेकदा फाईल परत हवी असते तेव्हाच कळतं.

मग नवे नियम बंदच केले तर?

सहीची सक्ती सेटिंगमधून काढता येते. तात्पुरती सोय म्हणून ते ठीक, पण 'तात्पुरतं' वर्षानुवर्षं तसंच राहतं. मे 2017 मधला वॉनाक्राय हल्ला आठवा. तो एसएमबीच्या पहिल्या, जुनाट आवृत्तीतल्या त्रुटीतून पसरला. तिच्यावरचा अपडेट दोन महिने आधीच आला होता. तरीही इंग्लंडमधल्या 236 पैकी किमान 80 आरोग्य ट्रस्टना फटका बसला. डिजिटल सहीने तो हल्ला थांबला असता असं नाही. पण जुनं तसंच चालू ठेवण्याची किंमत तिथे दिसली.

चाचणी कशी करायची?

पहिलं काम यादीचं. सर्व्हरशी बोलणारं प्रत्येक सॉफ्टवेअर, प्रिंटर, स्कॅनर, स्टोरेज बॉक्स लिहून काढायचा. मग चालू सर्व्हरला हात न लावता वेगळ्या मशीनवर नवी सिस्टीम टाकून रोजची कामं करून बघायची. सही न जमणाऱ्या मशीनची नोंद ठेवण्याची सोय सर्व्हर 2025 मध्येच आहे. ती चालू केली की दोषी यंत्र लॉगमध्ये सापडतं.

बॅकअप झाला एवढं पाहून थांबू नये. त्यातली एखादी फाईल परत आणून बघावी.

आणि सर्व्हर रीस्टार्ट करून पुन्हा तपासावं. कारण चूक नव्या सिस्टीमचीही असू शकते. 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टनेच मान्य केलं होतं, की लॉगिन तपासणारे काही सर्व्हर 2025 रीस्टार्टनंतर चुकीचं फायरवॉल प्रोफाईल लावत होते. त्यामुळे त्यांच्यावरच्या सेवा नेटवर्कवरून मिळेनाशा होऊ शकत होत्या. दुरुस्ती जून 2025 च्या अपडेटमध्ये आली. फक्त पहिल्या दिवशी तपासणाऱ्याला ही गडबड दिसलीच नसती.

जे यंत्र चाचणीत नापास होईल, त्याचा अपडेट उत्पादकाकडे मागायचा. तो नसेल तर यंत्र बदलण्याचा खर्च आत्ताच बजेटमध्ये धरायला हवा.