पगारदाराला शून्य, व्यावसायिकाला ७४ हजार: स्वतःचं काम करणाऱ्यांना टॅक्सचा धक्का का बसतो?

‘१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही.’ १ फेब्रुवारी २०२५ च्या बजेटनंतर हे वाक्य प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलं. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यात नोकरी सोडून कन्सल्टन्सी, जॉबवर्क किंवा ट्रान्सपोर्टमध्ये उतरलेल्या अनेकांनी ते तसंच धरून ठेवलं. रिटर्न भरायला बसल्यावर मात्र सीए भलताच आकडा सांगतो. असं का होतं? २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या कररचनेनुसार समजून घेऊ.

१२ लाख की पावणेतेरा लाख?

पगारदाराला ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. म्हणून १२.७५ लाख पगार असला तरी त्याचा टॅक्स शून्य. व्यावसायिकाला ही वजावट नाही. त्याला धंद्याचे खरे खर्च वजा करता येतात, पण त्यानंतर १२.७५ लाख नफा उरला, तर टॅक्स होतो सेससह ७४,१०० रुपये.

म्हणजे १२ लाखांची रेषा ओलांडली की फक्त वरच्या रकमेवर नाही, तर ४ लाखांपासून पुढच्या सगळ्या उत्पन्नावर टॅक्स मोजला जातो. रेषा थोडक्यात ओलांडणाऱ्यांना मार्जिनल रिलीफ मिळतो, पण ७५ हजारांनी ओलांडली तर तोही मिळत नाही.

‘कंपनीने टीडीएस कापलाय ना!’

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. पगारातून कंपनी वर्षाचा जवळपास पूर्ण टॅक्स कापते. कंत्राटाच्या बिलातून मात्र ठरावीक टक्केच कापले जातात: वैयक्तिक कंत्राटदाराचे १ टक्का, तांत्रिक सेवेचे २ टक्के.

समजा, एका डिझाइन इंजिनिअरने जीएसटी वगळून वर्षाला ३० लाखांची बिलं केली. व्यावसायिकांसाठीच्या अंदाजित उत्पन्न योजनेत निम्मी रक्कम, म्हणजे १५ लाख, उत्पन्न धरता येते. त्यावर टॅक्स १,०९,२०० रुपये. २ टक्क्यांनी कापलेला टीडीएस ६० हजार. उरलेले ४९,२०० खिशातून.

ट्रकवाल्यांचं गणित वेगळं

दहा किंवा कमी मालवाहू गाड्या असलेल्या ट्रान्सपोर्टरने पॅन आणि तसं लेखी दिलं, की त्याचा टीडीएस कापलाच जात नाही. पैसे पूर्ण हातात येतात, म्हणून टॅक्स लागणारच नाही असं वाटतं.

पण १२ टनांपेक्षा जास्त वजनाच्या गाडीवर कायदा दरमहा प्रतिटन १,००० रुपये उत्पन्न धरतो. हे टन गाडीच्या एकूण क्षमतेचे, म्हणजे जीव्हीडब्ल्यूचे. २८ टनांचे चार ट्रक वर्षभर असतील, तर उत्पन्न १३.४४ लाख आणि टॅक्स ८४,८६४ रुपये. गाडी महिनाभर उभी राहिली तरी तो महिना मोजला जातो. कर्जाचं व्याज, डिझेल वेगळं वजा होत नाही. खरा नफा कमी असेल तर तो दाखवता येतो, पण त्यासाठी हिशोबाच्या वह्या आणि ऑडिट लागतं.

वर व्याज कशाचं?

टीडीएस वजा जाऊन १०,००० किंवा त्याहून जास्त टॅक्स निघत असेल, तर तो वर्ष संपण्याआधीच भरायचा असतो. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या ॲडव्हान्स टॅक्सच्या तारखा. छोटे व्यापारी आणि व्यावसायिक यांच्या अंदाजित योजनेत १५ मार्चला एकदाच भरला तरी चालतो. ट्रकवाल्यांच्या योजनेला ही सूट नाही, त्यांना चारही हप्ते.

चुकलं तर दरमहा १ टक्का व्याज. वरच्या इंजिनिअरने सगळा टॅक्स जुलैमध्ये रिटर्नबरोबर भरला, तर सुमारे २,४६० रुपये जादा जातात.

जीएसटी कुणाच्या खिशातून?

सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की नोंदणी बंधनकारक. तुम्ही ‘सगळं धरून एक लाख’ असा रेट दिला असेल, तर १८ टक्क्यांच्या हिशोबाने त्यातले १५,२५४ रुपये सरकारचे. शिवाय बिल काढलं की जीएसटी पुढच्या महिन्यात भरावा लागतो, कंपनीकडून पैसे आलेले असोत वा नसोत.

इथे उद्यम नोंदणी कामाला येते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचा कायदा आहे. २०२३-२४ पासून मुदत चुकवणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत टॅक्समध्ये वजा करता येत नाही.

मग करायचं काय?

• रेट ठरवताना ‘अधिक जीएसटी’ असं कोटेशनमध्येच लिहा.
• आयकर पोर्टलवर फॉर्म २६एएस आणि एआयएस दर तिमाहीला बघा. टीडीएस किती कापला आणि जमा झाला का, हे तिथेच कळतं.
• प्रत्येक बिलाचे पैसे आले की टॅक्सचा वाटा वेगळ्या खात्यात टाका. इंजिनिअरच्या उदाहरणात टीडीएसनंतर उरलेला टॅक्स बिलाच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे.

थोडक्यात, पगारदारासाठी टॅक्सचे पैसे बाजूला काढायचं काम कंपनीचं अकाउंट्स खातं करतं. स्वतःच्या धंद्यात ते काम तुमचं असतं, आणि त्याची सुरुवात पहिल्या बिलापासून करावी लागते.