हातचे राखून प्रतीक्षा

सांगलीच्या एका कापड व्यापाऱ्याच्या कन्येस बारावीला वाणिज्य शाखेत ८८ टक्के गुण मिळाले. पुण्यातील तिच्या पसंतीच्या महाविद्यालयाने तिला प्रतीक्षायादीत ठेवले; सांगलीत मात्र पहिल्याच यादीत नाव लागले. वडील म्हणाले, ‘‘अण्णा, पुण्याचे होईलच. इथे फी कशाला अडकवायची?’’ पन्नास वर्षे पेढी सांभाळलेले आजोबा उत्तरले, ‘‘अरे, हातचे सोडून पळत्याच्या मागे लागू नये. आधी इथली फी भर.’’

प्रतीक्षायादी पुढे सरकते ती इतरांनी सोडलेल्या जागांमुळे. एकच विद्यार्थी चार-पाच महाविद्यालयांत अर्ज करतो, परंतु प्रवेश एकाच ठिकाणी घेतो. पुढे अभियांत्रिकी, विधी इत्यादी शाखांच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या, की वाणिज्य व विज्ञान शाखेच्या आणखी जागा रिकाम्या होतात. म्हणून पहिल्या यादीनंतर आशा सोडू नये आणि तिच्या भरवशावर हातची जागाही सोडू नये.

भरलेली फी बुडते, हा समज पूर्णपणे खरा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार, प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास १०० टक्के फी परत मिळते. त्यानंतर, परंतु अंतिम तारखेपूर्वी, ९० टक्के. तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के आणि ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. पुढे काहीही नाही. पूर्ण परताव्यातूनही अल्प प्रक्रियाशुल्क कापले जाते. चालू वर्षाचे परिपत्रक पाहून या तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात. मूळ कागदपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार संस्थेस नाही, हेही त्याच अधिसूचनेत आहे.

आणखी एक दार पुष्कळ कुटुंबांच्या लक्षात येत नाही. २०१४ पासून जैन समाजास राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा आहे. जैन अल्पसंख्याक संस्थांच्या महाविद्यालयांत समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा असतात व त्यांची यादी स्वतंत्र लागते. मात्र शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात ‘जैन’ अशी स्पष्ट नोंद आहे का, हे आधीच तपासावे. प्रवेशाच्या दिवशी ही त्रुटी लक्षात आली, तर दुरुस्तीस वेळ उरत नाही.

या मुलीच्या घरी एक मध्यस्थही येऊन गेला. दीड लाखात यादीतले नाव वर आणतो, असे त्याचे म्हणणे. वडील क्षणभर विचारात पडले. प्रवेशासाठी अशी देणगी घेणे महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. शिवाय ज्या व्यवहाराची पावती मिळत नाही, त्याची दादही मागता येत नाही. आजोबांनी त्याला चहा पाजून वाटेला लावले.

तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून दूरध्वनी आला. दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत मूळ कागदपत्रांसह हजर राहायचे होते. दाखला, गुणपत्रिका, छायाचित्रे एका पिशवीत तयार होती. फीची रक्कम खात्यात वेगळी ठेवलेली होती. यादीत तिच्या पुढे असलेला एक विद्यार्थी मुदतीत पोहोचू शकला नव्हता, हे तिथे गेल्यावर कळले.

सांगलीच्या फीतून दहा टक्के कापले गेले. वडिलांनी ती रक्कम वहीत कोणत्या खाती टाकावी, असे विचारले. आजोबा म्हणाले, ‘‘विम्याच्या हप्त्याखाली टाक.’’